पिशवीतला काळा कोट

त्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही, उपकार मात्र आहेत.

मी जालन्याकडचा, नववीत शाळा सोडलेला. मालवणला हॉटेलात काम करत कुडाळच्या खाजगी करिअर कॉलेजात नाव घातलं होतं. त्या कॉलेजच्या गावोगावच्या शाखांत काळा कोट सक्तीचा. लोक हसतील म्हणून मी तो पिशवीतच ठेवायचो.

त्या बाई कुडाळच्या बसमध्ये साडीवर तसाच कोट घालून, केसांत अबोलीचा वळेसर माळून बसायच्या. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय गो वयनी, बँकेची मॅनेजर झालंस?"

"अजून नाय रे. पन्नाशीत कॉलेजाक जातंय," कॉलर नीट करत त्या म्हणाल्या. "तिकीट दी."

सगळी बस हसली. सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

कंडक्टर माझ्याकडे वळला. "तुका खंय?"

मी आधी कोट चढवला. मग म्हणालो, "कॉलेजला!" गावाकडे आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.