पिंडापुढचे हसू

खुटबावच्या या गृहस्थाला दूरचित्रवाणीवर पाहून शिरूरपासून दौंडपर्यंतची घरे पोट धरून हसत; त्याच्या स्वतःच्या मुद्रेवर मात्र स्मिताची रेषाही कधी उमटत नसे. मी गावचा भिक्षुक; वाटेत भेटला की तो मला वाकून नमस्कार करी आणि अत्यंत गंभीरपणे सांगे, "गुरुजी, म्हशीला टीव्हीवर माझा कार्यक्रम दाखवला. दूध आटलं." एवढे बोलून तो उत्तराची वाट पाहत शांत उभा राही. त्याची आई कपाळावर हात मारून म्हणे, "जगाला हसवतुयास, एकदा मला हसून दाखव की रं!"

ती माउली गेली. भीमेकाठी दशक्रिया माझ्याच हातून झाली. पिंड मांडले, परंतु कावळा शिवेना. मृताची इच्छा राहिली असावी, म्हणून नातलग हात जोडून वचने देऊ लागले. "आक्का, धाकटीचं लगीन आमी लावू," मामा म्हणाले. कावळे बाभळीवरून हलले नाहीत.

अखेर तो पुढे झाला. पिंडासमोर बसून त्याने ओठ ताणले आणि दात दाखवले. ते हसू इतके अवघडलेले होते, की रडणारी मंडळी खो-खो हसू लागली. माझाही मंत्र मध्येच तुटला. कावळे बिचकून उडाले. त्याच्या डोळ्यांना धार लागली, तरी ओठ ताणलेलेच राहिले. थोड्या वेळाने एक कावळा परतला आणि पिंडाला शिवला.

त्याने चेहरा पूर्ववत केला.

"गुरुजी, आईला आवडलं न्हाई," तो म्हणाला. "माझी कीव आली, म्हणून शिवली."