आयरिश बेटाच्या राखणदाराला गाऱ्हाणं

बायको देवगडच्या दवाखान्यात, मी इकडे अबुधाबीत, मुसाफाच्या वर्कशॉपमध्ये एसीच्या डक्टचे पत्रे कापत होतो. पहिलंच बाळंतपण, त्यात बाळ आडवं आलेलं. दोनदा माप चुकलं तशी पठाण मिस्त्रीनं माझ्याकडून कात्री काढून घेतली. "बैठ जा, हबीबी. उंगली जायेगी."

तेवढ्यात आमच्या फोरमनचा व्हिडिओ कॉल आला. तो आयर्लंडचा, सुट्टीवर आपल्या बेटावर गेलेला. बेट म्हणजे थोडी घरं, एक दारूचं दुकान आणि मेंढ्याच मेंढ्या. वाऱ्यात टोपी धरून तो आम्हाला छप्पर उडालेलं, शेकडो वर्षांचं दगडी चर्च दाखवत होता. शेजारी विहीर, काठच्या झुडपाला चिंध्या बांधलेल्या. "इथं लोक आजाऱ्यांसाठी मागणं मागतात," तो म्हणाला. "तुझ्या बायकोसाठी मागू?"

मी आठवीतून शाळा सोडलेला, पण गावच्या राखणदार देवाला घालायचं गाऱ्हाणं तोंडपाठ. म्हटलं, साहेब, फोन विहिरीकडे धरा. सेफ्टी शूज काढले आणि सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या बेटाच्या राखणदारा, तुझां नाव माका म्हायत नाय..." मी थांबलो की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आमीनसारखंच, असं सांगितल्यावर पठाण सगळ्यात मोठ्यानं ओरडला. तिकडून फोरमनही. मेंढ्या पळाल्या. तो विहिरीभोवती उलटा फिरायला लागला तेव्हा इकडून मी आणि तिकडून त्याची म्हातारी आई, दोघांनी एकदमच दम दिला. त्यांच्याकडेही प्रदक्षिणा उजवीच. हसून हसून माझे डोळे वाहायला लागले, आणि त्या भरात मी बोलून बसलो, "दोघांक सुखरूप सोडव म्हाराजा, तुका कोंबडो आणि बाटली देतलंय. माझ्या हातान."

"व्हय म्हाराजा!"

चहाच्या वेळी आईचा फोन आला. मुलगी. दोघी बऱ्या. मी पठाणाला मिठी मारली, पठाणानं वेल्डरला. मग आईला सगळं सांगितलं.

"हातान देतंय म्हटलंस?"

"व्हय."

"मेल्या, मग जावक व्हया. बोललेला फेडूक व्हया. खंय इलां तां बेट?"

"लय लांब. विमानान, मगे बोटीन."

"आणि कोंबडो हयसून नेतलंस काय?"

घाबरत घाबरत फोरमनला फोन लावला. मुलीचं ऐकून तो आधी नाचलाच. मग नवसाची अडचण सांगितली.

"कोंबडा आईचा, बाटली माझी," तो म्हणाला. "तू पोरीला घेऊन ये."