डोरीनच्या ओव्हनची काच

डोरीन वॅगस्टाफला वर्षानुवर्षं वाटत होतं, की तिच्या ओव्हनच्या दाराची काच मुळातच तपकिरी आहे.

यॉर्कशरमधल्या बार्न्सलीच्या आमच्या गल्लीत तिची न् माझी भिंत एकच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने हयात घालवली, पण घरी रविवारच्या मांसासोबतची यॉर्कशर पुडिंगं, म्हणजे अंडं-दूध-मैद्याच्या पिठाच्या खमंग फुगलेल्या वाट्या, काही तिला साधत नसत. कडकडीत चरबीत पीठ ओतलं, की पुडिंग फुगेपर्यंत दार उघडायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण काचेतून काहीच दिसत नसे, मग धीर कुठून धरणार? डोरीन दार किलकिलं करायची आणि पुडिंग फुस्स!

"यॉर्कशरची बाई, आणि पुडिंगं चपटी!" तिचा नवरा क्लिफर्ड दर रविवारी टोमणा मारायचा.

यंदा तिचे मोतीबिंदू काढले. घरी आल्यावर तिने आधी क्लिफर्डकडे निरखून पाहिलं. "अरे देवा, तू इतका म्हातारा कधी झालास?" मग ओव्हनकडे पाहिलं आणि किंचाळलीच. मी धावत गेले.

"ग्वेन, हा मळ आहे मळ! तुला दिसत होता ना? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल," मी पुटपुटले.

डॉक्टरांनी वाकायला परवानगी दिली, त्याच सकाळी तिने मला बोलावून घेतलं. खाण्याच्या सोड्याचा लगदा काचेला थापला, मुरू दिला, ओल्या फडक्याने पुसला. तरी चरबीचे ओघळ जागच्या जागी!

"दोन काचांच्या मधे आहेत मेले," डोरीन म्हणाली. "दार खोलायचं!"

"खबरदार!" क्लिफर्डने स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला. "काच फुटली तर?"

"फुटली तर फुटली. आण इकडे!"

दार उचलून आम्ही टॉवेलवर आडवं केलं. स्क्रू निघाले, आतली काच अलगद सरकून हातात आली. डोरीनचे हात घासताना थांबेनात. लगद्याखालून आधी नखाएवढी जागा चकाकली, मग हाताएवढी. "दिसतंय! पलीकडचं दिसतंय!" ती ओरडली. क्लिफर्ड न सांगता कोमट पाणी घेऊन आला.

दार पुन्हा बसवलं. रविवारपर्यंत थांबायला तयार कोण होतं? तिने लगेच पीठ फेटलं, चरबी धुरावेपर्यंत तापवली, साच्यांत पीठ ओतून पुडिंगं आत ढकलली आणि ओव्हनचा दिवा लावला. तिघेही फरशीवर गुडघे टेकून बसलो.

"हलली! कडा हलली!"

"अगं, ते कोपऱ्यातलं बघ!"

"क्लिफर्ड, दाराला हात लावलास तर याद राख!"

पुडिंगं साच्याबाहेर डोकावली, वाकडीतिकडी वर चढली, सोनेरी झाली. डोरीन माझा दंड इतका घट्ट धरून होती, की वळ उठले. बाहेर काढली तेव्हा एकही बसलं नाही.

क्लिफर्डने पहिलं तोडलं आणि गरम गरम तोंडात कोंबलं. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. "कसं झालंय?" डोरीनने विचारलं. त्याने फक्त दुसऱ्याला हात घातला.