वाघदेवाची शीव

कापून आडव्या टाकलेल्या भाताला एक वास असतो, ओलसर, किंचित गोड आणि कडेला जरासा धुरकट, आणि तो नाशिक शहरात वाढलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसतो. आम्हाला कांद्याचा वास ठाऊक, तो तर नको तितका. थंडीच्या तोंडी गोदाकाठच्या मळ्यांतून येणारा शेवंतीचा ठाऊक. पण वणी मागे टाकून एसटी डोंगराला लागली, की उतारावरच्या खाचरांतून हा भाताचा वास खिडकीतून आत येऊन बसतो आणि सुरगाण्यापर्यंत उठत नाही. ऐंशी सालानंतरची एक दिवाळीची सुट्टी मला त्या वासानेच आठवते. दोन्ही अंगांना खुरासणीची पिवळी फुलं, मधून तांबडा रस्ता, ऊन स्वच्छ पण कोवळं, आणि शेजारी बसून कमल गावित शांतपणे भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. मला वाघ पाहायचा होता.

कमल आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो, ती मराठी आणि मी भूगोल. तिचं गाव सुरगाण्याच्याही पुढे, जीपने जायचं, गुजरातच्या हद्दीला खेटून. आणि गावाला खेटून ते रान, जिथे एके काळी एका संस्थानिकाच्या शिकारी चालत आणि जे आता अभयारण्य झालं होतं. 'अभयारण्य' ह्या शब्दावर माझा तेव्हा फार जीव. ज्या रानाने पिढ्यान्‌पिढ्या भय पाहिलं त्याला सरकारने एका सहीनिशी अभय देऊन टाकावं, ह्यात मला काहीतरी उदात्त वाटे. भूगोलाच्या माणसाला नकाशावर हिरवा रंग दिसला की तो असा विरघळतो. कमल मात्र निघतानाच म्हणाली होती, "ये तू खुशाल, पण वाघ बघायला चाललेय असं शाळेत सांगू नको. दिसला नाही तर पोरं वर्षभर हसतील."

वाघ दिसला नाही, हे इथेच सांगून टाकते.

कमलच्या वडिलांना सगळं गाव बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणू लागले. तरुणपणी ते राजाच्या शिकारीत हाकेकरी होते. हाका म्हणजे गावोगावच्या माणसांनी डबे आणि ढोल बडवत, ओरडत, अर्धवर्तुळात रान पिंजून काढायचं आणि जनावर हळूहळू मचाणाखाली नेऊन घालायचं. बंदूक वर, मचाणावर, आणि जनावराच्या मागे पायी चालणारी ही माणसं. माझ्याशी बोलताना बाबा डोंगरातल्या कोकणा आदिवासींची आपली बोली मुद्दाम मराठीकडे वळवून घेत, आणि कुठे शब्द अडला की नुसते हसत. वाघबारशीच्या, म्हणजे आपल्या वसुबारशीच्या, आदल्या दिवशी ते आम्हा दोघींना अभयारण्य दाखवायला घेऊन गेले, म्हणजे खरं तर स्वतःचंच रान दाखवायला घेऊन गेले, पण फाटकावर आमची नावं लिहून झाल्यावरच.

सागाची पानं आश्विनाच्या अखेरीस करकरीत होऊ लागतात, आणि त्यांवर पडलेलं ऊन वाळायला घातलेल्या पापडासारखं दिसतं. त्या उन्हातून चालत आम्ही जुन्या शिकारी बंगल्यापाशी पोहोचलो. कौलारू, लांब व्हरांड्याचा, आता विश्रामगृह झालेला. आत भिंतीवर एक मोठं छायाचित्र होतं : राजाचा बूट वाघाच्या मानेवर, आणि मागे रांगेने हाकेकरी उभे. बाबांनी जवळ जाऊन, डोळे बारीक करून ते बराच वेळ पाहिलं.

"ह्यातला मी कोनता, मलाच नाय कळत," ते म्हणाले. "सगळ्यांची तोंडं काळीच आलीत. वाघ तेवढा साफ आलाय."

मी हसले आणि मग हसू आवरलं. बाबा मात्र मजेत होते, आणि त्याच मजेत आम्ही बंगल्यासमोरच्या बागेत उतरलो. तिथे त्यांची पावलं थांबली.

बागेच्या मधोमध, चुन्याने रंगवलेल्या विटांच्या गोलात, पुरुषभर उंचीची एक सागाची फळी रोवलेली होती. तिच्यावर कोरलेले सूर्य, चंद्र, नाग आणि वाघ. तो वाघदेव. गावाची शीव जिथे संपते आणि वाघाची सुरू होते, तिथे ह्या लोकांनी पूर्वापार उभा केलेला. वाघबारशीला गुराख्यांनी त्याची पूजा करायची आणि मगच गुरं रानात सोडायची. त्याची जागा पार आत, दाट रानात होती. तिथवर पूर्वी गावची गुरं जात. अभयारण्य झाल्यापासून गुरांना बंदी, पण वर्षातून एकदा माणसांना पूजेपुरतं आत सोडत. आता तो देवच इथे आला होता, आणि कुणीतरी मोठ्या हौसेने त्याला ऑइलपेंट दिला होता. पिवळ्याधमक अंगावर काळे पट्टे ओढलेला तो वाघ एखाद्या लाडावलेल्या मांजरासारखा दिसत होता.

रेंजर तरुण होता, हसतमुख होता आणि आपल्या बागेवर मनापासून खूश होता. त्याने आम्हाला चहा पाजला. "वाळवी लागत होती हो बाई. आणखी दोन पावसाळ्यांत माती झाली असती. आता येणारेजाणारे बघतात तरी. आणि बाबा, उद्या पूजा इथेच करा की! फाटक उघडं ठेवतो मी सगळ्यांना." त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. मी भूगोल शिकवते म्हटल्यावर त्याने आपणहून टेबलावर नकाशा पसरला. गावाकडून रानाकडे जाताना आधी माळ, मग एक बारमाही ओहोळ, आणि ओहोळ ओलांडला की अभयारण्याचे सिमेंटचे खांब. पुढच्या उन्हाळ्यात हे खांब ओहोळाच्या अलीकडे, थेट माळावर यायचे होते. "रानातल्या जनावरांना पाणी नको का?" तो म्हणाला. पाणी हवंच, त्याचं म्हणणं मला पटलं, आणि पटल्याचा रागही आला, कारण चहाच्या कपाशी बसलेल्या बाबांच्या गावची सगळी गुरं त्याच ओहोळावर पाणी प्यायची. दुसरं पाणी उन्हाळ्यात नव्हतंच.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. यंदा पूजेचा मान बाबांचा, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघत होते. नागलीच्या भाकरी थापल्या जात होत्या, चुलीचा धूर खालीच रेंगाळत होता, आणि तरुण मंडळी तापली होती.

"उचलून आनू देव," कमलचा भाऊ सुरेश म्हणाला. "आपला हाय, त्याला कोनाची परवानगी?"

"आन उद्या तुला उचलून नेतील," कुणीतरी म्हणालं.

"मंग बागंतच करा पूजा! साहेब बोलवतोय ना."

बाबांनी मान हलवली. "तो शीव राखतो. ह्या अंगाला आपन, त्या अंगाला वाघ. त्याला बागंत बसवला तर वाघानं काय समजायचं? कुठं थांबायचं त्यानं?"

खरं सांगायचं तर मला हे सगळं जरा बाळबोध वाटत होतं. आमच्या घरात देव्हारा नाही. बुद्धाची तसबीर आहे, आणि वडिलांची एकच शिकवण, की दगडधोंड्यांपुढे वाकायचं नाही. इथे पाण्याचा प्रश्न आ वासून उभा, आणि ही माणसं वाघाला काय वाटेल ह्याची चिंता करत बसली आहेत! ओहोळ गेला तर गाव गुरं विकेल, गुरं गेली तर शेतं पडतील आणि लोक मजुरीला खाली गुजरातेत उतरतील, एवढं मलाही दिसत होतं. मी कमलला म्हटलं, नाशिकला जाऊन अर्ज देऊ. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी भाकरी खाऊ लागले.

वाघबारशीची सकाळ धुक्याने भरलेली होती. गुरांच्या शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. बाबांच्या टोपलीत शेंदूर, नारळ, तांदळाचं पीठ आणि सुरेशच्या काखेत एक नाराज कोंबडा. सगळे ओहोळात उतरले, घोट्याएवढ्या गार पाण्यातून पलीकडे चढले. सगळ्यांची समजूत अशी, की बाबा आत, देवाच्या रिकाम्या जागेवर चालले आहेत. खांबापाशी वनरक्षक उभा होता, शेजारच्याच पाड्यावरचा, ह्यांच्यातलाच. गुरं अडवायची की कसं, ह्या विचाराने त्याचा चेहरा कसनुसा झालेला.

बाबा सिमेंटच्या खांबाशी आले आणि त्यांनी टोपली खाली ठेवली.

आधी त्यांनी ओहोळाचं पाणी आणून खांब धुतला. मग पिठात बोट बुडवून त्याच्या अंगावर सूर्य काढला, चंद्र काढला, नाग काढला, आणि सर्वांत खाली चार पाय नि एक शेपूट असलेलं काहीतरी, जे वाघ आहे हे ठाऊक असल्यामुळेच वाघ वाटत होतं. मग मूठभर शेंदूर घेऊन तो खांबावरच्या सरकारी आकड्यावर शांतपणे थापला.

"बाबा, आवं हा सरकारचा खांब हाय!" सुरेश ओरडला.

"उभा हाय ना? मंग झालं."

नारळ फुटला. धुक्यात तो आवाज फार मोठा वाटला. बायकांनी हात जोडले, मग पुरुषांनी, आणि मग त्या वनरक्षकाने, इकडेतिकडे पाहून, टोपी काढली, बूट काढले आणि ओल्या गवतात गुडघे टेकून तो त्या खांबाच्या पाया पडला. मी वाकले नाही. पण अंगावर काटा आला, तो धुक्याचा नव्हता.

दुपारी रेंजर आला. त्याने खांबाभोवती एक चक्कर मारली, डोकं खाजवलं आणि प्रसादाचा भात मागून घेतला. खांब उपटायचे म्हणजे माणसं इथल्याच पाड्यांवरची लागणार, आणि त्यांतला कोण ह्या खांबाला पहार लावणार, हे त्याला भात खाताखाता कळलं असावं. मला ते कमलने परतीच्या जीपमध्ये समजावलं. मी निघताना बाबांना विचारलं होतं, की हे आधीच ठरवलं होतं का. "देव कुठं तरी बसवायाच लागतो, बाय," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कमलने बातमी आणली. उन्हाळ्यात खांब सरकले, वरच्या गावाचं पाणी गेलं, खालच्याचं गेलं. पण त्या एका खांबाशी मजुरांनी पहारी खाली ठेवल्या त्या ठेवल्याच. शेवटी रेषा तिथे वळसा घेऊन गेली आणि ओहोळाचा तेवढा तुकडा गावाकडे राहिला. मला इतका आनंद झाला, की पुढच्या दिवाळीला मी पेढे घेऊनच गेले.

बाबा ओहोळाच्या काठी बसले होते. पाण्यात म्हशी डुंबत होत्या. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. हातातच धरून ठेवला.

"बाबा, जिंकलात तुम्ही," मी म्हटलं.

"कशात जिंकलो?" ते रानाकडे बघत म्हणाले. "आमचा देव पार आत होता. तिथवर आमचे बाप गुरं घेऊन जायाचे. मी त्याला इथं आनून बसवला. म्हंजे माझ्याच हातानं वाघाला सांगितलं, की इथून पुढं रान तुझं, आता आमी नाय येत."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि मला फार वाईट वाटलं. पुढे कितीतरी वर्षं मी फळ्यावर सरहद्दी काढल्या आणि मुलांना त्यांची कारणं सांगितली, नदी, डोंगर, तह, लढाई. एखादी सरहद्द म्हणजे कुणीतरी पाण्यासाठी स्वतःहून मागे घेतलेलं पाऊल असतं, हे कोणत्या धड्यात सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.