एकाच फोटोचे तीन अर्ज

जालना स्टेशनवर माझ्या धाकट्या दिरांइतक्या गाड्यांना सामोरा गेलेला माणूस झाला नसेल, आणि त्यांच्याइतक्या वेळा एकटा परत आलेलाही. मी यादीशिवाय भाजीलाही न जाणारी बाई. पण भाऊजींच्या तऱ्हांची यादी करायला बसले की कागद पुरत नाही. ते रंगूनला एका शेठजींच्या तांदळाच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा तेलकागदाची एक छत्री, दोन लुंग्या आणि एक फोटो घेऊन घरी आले. फोटोत त्यांची बर्मी बायको होती, मा टिन. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती मागे राहिली होती. आईची सेवा संपली की बोटीने यायचं, असं दोघांचं ठरलं होतं. सासूबाईंनी फोटो उजेडात धरून विचारलं, "भाकर थापता येती का हिला?" भाऊजी म्हणाले, "न्हाई." "मंग करती तरी काय?" भाऊजींनी खूप विचार केला आणि म्हणाले, "हसती, आई."

त्या दिवसापासून आमचं घर तिच्या मापाचं होऊ लागलं. ती आपल्या खांद्याला लागते एवढ्या माहितीवर भाऊजींनी दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारली, सुतार बोलावला आणि घरातल्या सगळ्या खुंट्या दीड वीत खाली घेतल्या. माझे यजमान उंचेपुरे. सदरा काढायचा म्हटला की त्यांना नमस्कार घातल्यासारखं वाकावं लागे. "सून यायच्या आधीच घर वाकलं की रे," सासूबाई म्हणाल्या. पुढे एकदा भाऊजींनी कुंडलिका नदीतले मासे मीठ लावून परसातल्या रांजणात मुरत घातले. तिकडे म्हणे त्याचा गोळा भातात घालून खातात. चौथ्या दिवशी गल्लीतली चार घरं, कोण गेलं म्हणून विचारायला आली. मी रांजण फेकायला निघाले तर भाऊजी आडवे आले. "वहिनी, तुम्हाला वास येऊन राह्यला, तिला माहेर आठवंल." रांजण आठ दिवस राहिला. माझ्या यादीत तो रोज सकाळी पहिला होता आणि रोज तसाच खाली सरकत होता.

मग तिची आई गेल्याचं पत्र आलं. शेजारच्या कुणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. शेवटी एवढंच, की मी तयार आहे, पण नवऱ्याच्या सरकारचा दाखला असल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत. भाऊजी तडक तहसील कचेरीत गेले आणि तोंड पाडून परत आले. तिथले अर्ज बघणाऱ्या पेशकारांनी लग्नाचा कागद मागितला होता. कागद कुठला? तिकडे दोघांनी चार म्हाताऱ्यांसमोर एका वाडग्यातून भात खाल्ला, झालं लग्न. पेशकार म्हणाले होते, "एका ताटात जेवल्यानं लगीन होत असंल तर माझं ह्या कचेरीतल्या समद्या चपराश्यांशी कधीच झालंय."

इथे मी कामाला लागले. मला अडलेलं काम दिसलं की हात शिवशिवतात. पाटीवर मी तीन मार्ग लिहिले. एक, पत्नी. दोन, यात्रेकरू: ती बुद्धाची भक्त, अजिंठ्याची लेणी आपल्याच मुलखात, दर्शनाला येते म्हणायचं. तीन, घरकामाची बाई: आमच्याकडे म्हातारं माणूस आहे, हाताखाली हवी आहे. एकाचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मग दुसरा अर्ज करायचा, ही ढिलाई मला मानवणारी नव्हती. तिन्ही एकदम टाकायचे. एक तरी लागेल. भाऊजी घुटमळले. "वहिनी, ती तर एकच हाय." मी म्हटलं, "दार कुठलंही असो, आत आल्याशी कारण." निजामाच्या राज्यात कचेरीचं काम उर्दूत चाले, म्हणून उर्दू लिहिणाऱ्याकडून तिन्ही अर्ज लिहवून घेतले, प्रत्येकाला फोटो लावला. फोटो एकच होता, म्हणून स्टेशन रोडवर त्याच्या प्रती काढून घेतल्या. तेही मीच सुचवलं.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. मी सोबत गेले. पेशकारांनी टेबलावर तिन्ही कागद पत्त्यांसारखे पसरले. तिन्ही ठिकाणी मा टिन तशीच हसत होती.

"ह्या तीन बाया कोण?"

"एकच हाय, साहेब."

"मंग बराबर सांगा. बायको, जोगीण का मोलकरीण?"

मी तोंड उघडणार तोच भाऊजी मोठ्या विश्वासाने म्हणाले, "तिन्ही, साहेब. बायको तर हायच. घरचं समदं काम करती. आन् रोज सकाळी देवाला फुलं वाहती, मंग जोगीण बी म्हणा."

पेशकार हसले. अगदी मनापासून हसले, डोळे पुसले. मग त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि तिन्ही कागदांवर एकच शेरा मारला: शक आहे, चौकशी व्हावी. कागद औरंगाबादला गेले. तिथून एक माणूस येऊन गल्लीत विचारून गेला, आणखी एक येऊन खुंट्या इतक्या खाली का, हे लिहून घेऊन गेला. सालावर साल गेलं. पत्नीचा अर्ज एकटा गेला असता तर मामुली हमीवर सुटला असता, असं पेशकारच पुढे एकदा म्हणाले. ते माझ्यासमोर म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

दाखला आला तेव्हा भाऊजींनी तो आधी देवापुढे ठेवला, मग फोटोपुढे, मग रंगूनला धाडला. जपानची लढाई तिथे आधी पोहोचली होती. पाच महिन्यांनी पाकीट परत आलं. टपाल बंद असल्याचा शिक्का होता, आतला कागद जसाच्या तसा कोरा करकरीत. दाखल्याला सहा महिन्यांची मुदत. भाऊजी दर सहा महिन्यांनी जाऊन ती वाढवून आणत, आणि मनमाडकडून येणाऱ्या गाडीला रोज छत्री घेऊन उभे राहत. लढाई संपल्यावर तिकडून पायी परत आलेला एक ओळखीचा भेटला. तो म्हणाला, ती गल्ली जळाली. "गल्ली जळाली म्हंता," भाऊजी म्हणाले, "बाई जळाली आसं तर न्हाई म्हणत ना तुम्ही?" भाऊजींनी त्याला चहा पाजून पाठवलं.

एकदाच मी धीर केला. म्हटलं, "भाऊजी, तीन अर्ज करायला मी लावलं." ते लुंगीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिले. मग म्हणाले, "पेशकारसाहेब लई हसला होता, वहिनी. तिला सांगंन मी, तुझा फोटो बघून कचेरी हसली म्हणून." माझ्यावर रागावले असते तर मी तो दिवस यादीतून खोडला असता.

मग निजामाचं राज्य गेलं. भाऊजी सवयीने मुदत वाढवायला गेले. नव्या कारकुनाने कागद उलटून पालटून पाहिला आणि सांगितलं, हा शिक्का आता चालायचा नाही, अर्ज नव्यानं करा. मला वाटलं, आता हा माणूस बसेल. पण ते छत्री झटकतच आत आले. "वहिनी, पाटी काढा. नवं राज्य हाय, नवे मार्ग आसतील."

मी पाटी घेतली. एक, पत्नी, असं लिहिलं. हाताने सवयीने खाली दोनचा आकडा काढला. तो मी बोटाने पुसला.

भाऊजींनी वाकून वाचलं. "एवढंच?"

"एवढंच."

"बराबर हाय," ते म्हणाले. खुंटीवरचा सदरा त्यांनी काढला, अंगात घातला, छत्री उचलली. गाडीची वेळ झाली होती. मी पाटी टेकवून ठेवली आणि ओला पंचा वाळत टाकायला त्याच खुंटीपाशी वाकले.