ट्रॉलीचं नाक

गाडी किती वजन पेलू शकते ते तिच्याच दाराजवळच्या पत्र्यावर लिवलेलं असते. आमच्या घरी तो पत्रा वाचणारी मी एकटीच, आन् वाचून मलेच भोवलं. त्या गाडीत मी आता बसत नाई.

आमचं दोघा नवराबायकोचं काम लग्नाच्या स्वयंपाकाचं. जळगाव जामोदच्या आजूबाजूले, तिकडे सोनाळ्यापर्यंत, रोडगे आन् वांग्याची भाजी पाह्यजे म्हणलं का लोकं आमालेच बलावते. पिकअप आमची सोताची. हे चालवाचे, मी बाजूच्या सीटवर. खरं सांगू? मले स्वयंपाकापेक्षा ते जाणंयेणंच आवडे. घरी आमचं बोलणं म्हणजे "चहा" आन् "आणते". गाडीत मात्र ह्यायचं तोंड सुटे. भाजीत मीठ कोणी जास्त टाकलं याच्यावरून आमी भांडाचो, हसाचो, हे बेसूर गाणे म्हणाचे. नवरा म्हणून जो माणूस मले भेटला, तो त्या केबिनमधेच भेटला. घरात तो कधी आलाच नाई.

मंग मोबाईलवर ह्यायनं ते पाह्यलं. परदेशात कुठंतरी पिकअपच्या मागच्या हौद्यात ट्रॉलीचं नाक, म्हणजे पुढचा दांडा, ठेवते आन् अख्खं घर ओढून नेते. झालं! "आपुनही असंच करू. भट्ट्या, भाजीचे मोठाले गंज, भांडे, सारं एका ट्रॉलीत. दोन खेपा काऊन माराच्या?" वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉली बनवून आणली. बंद पेटीवानी, सारी लोखंडी. सामान भरून तिचं नाक हौद्यात टेकवलं, तशी पिकअप मागून अशी बसली का पुढचे दिवे झाडावरच्या चिमण्या पाहू लागले. मले हसू आलं. ह्यायले नाई आलं.

आता इकडच्या गाडीवाल्यायचं शास्त्र एकच, गाडी बसली का स्प्रिंगचे पाटे वाढवा. चाकावरच्या कमानीत दोन जादा पाटे टाकून आणले, बंपरले लिंबू-मिरची बांधली, आन् गाडी पुन्हा ताठ उभी.

"पाह्य, झेपलं न!"

"अहो, बसत नाई म्हणजे झेपलं असं नाई. पाटे वाढवले, ब्रेक वाढवले का? पत्र्यावर लिवलं तेवढंच खरं."

"ट्रॉलीले सोताचे चाकं हायेत. तिचं वजन गाडीवर कायले येईन?"

"आन् नाक कुठी हाय? हौद्यातच न? नाकापेक्षा मोती जड करून ठेवला तुमी."

"तुले काय समजते वं गाडीतलं?"

मलेही चीड आली. म्हणलं, चला काट्यावर. जिनिंगच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी चढवली, ट्रॉलीचे चाकं काट्याच्या बाहेर ठेवले. वजन निघालं पत्र्यावरच्यापेक्षा पाच-सहा क्विंटल जास्त. मी तिथंच समजावून सांगितलं का नाकाचा भार पत्र्यावरच्या आकड्यातच धरते, केबिनमधे बसणाऱ्यायचं वजनही याच्यातच. "मी उतरली, तुमी उतरले, गाडी बिनाड्रायव्हरची गेली, तरी जास्तच हाय. ट्रॉली लहान करा, नाईतर मोठी गाडी पाहा. ही जोडी जमत नाई."

ह्यायनं काट्याची पावती घडी करून खिशात ठेवली. मले वाटलं, पटलं. कायचं पटते! पालथ्या घड्यावर पाणी.

मंग बुलढाण्याचं एक लग्न आलं. म्हणजे घाट चढून जाचं. मी आदल्या दिवशी मसाला कुटत बसली होती. हे दारात आले आन् म्हणले, "या खेपेले तू राहू दे. वजन जास्त होते, तूच तं म्हणली. भाजीले तिकडचीच एखादी बाई पाहतो."

"पाच-सहा क्विंटल जास्त हाय. मी उतरून काय होते? मी काय हत्ती हाय का?"

"तेवढं तं तेवढं. घाट हाय."

हिशोब माह्याच. एक भट्टी कमी नाई केली, एक गंज कमी नाई केला. त्या साऱ्या लोखंडातून कमी कराले मीच सापडली. लय राग आला, आन् रागापेक्षा रडू जास्त आलं. पण त्यायच्यासमोर नाई रडली. खाली मान घालून मिरच्या कुटत राह्यली, मिरच्याचं निमित्त बरं पडते. आन् घाटात ब्रेक लागले नाई तं, हा घोर वेगळाच. त्यात एक वेडी गोष्ट मनात येऊन राह्यली होती का जे व्हाचं ते होऊ दे, पण मी बाजूले असू दे. कोणाले सांगता?

सकाळी गाडी निघाली तेव्हा मी फाटकापाशी गेली. म्हणलं, निदान खिडकीतून दोन शब्द बोलू. आत पाह्यलं तं माह्या सीटवर रोडग्याच्या पिठाचे दोन कट्टे, गच्च भरलेले पोते. एकमेकाले टेकवून उभे केलेले, आन् वरून सीटचा पट्टा लावलेला.

"हे काय हो?"

"ट्रॉली भरली, हौद्यात नाक हाय, जागा नाई उरली. सीट तशीही रिकामीच जाणार होती."

"अहो, हे दोन कट्टे म्हणजे माह्या दुप्पट वजन. वजन कमी कराचं होतं न?"

ह्यायनं माह्याकडे पाह्यलं. चेहऱ्यावर लबाडी नव्हती. खरंच नवल वाटल्यासारखं म्हणले, "पीठ तं लागनच न."

मंग हात लांबवून पट्टा नीट अडकला का ते ओढून पाह्यलं, आन् गाडी सुरू केली.