मनगटावरची दोन बोटं

"हं, बोलू नका. ऐकू द्या." पेशंटच्या मनगटावर दोन बोटं ठेवून मॅडम डोळे मिटायच्या आणि आख्खं ऑपरेशन थिएटर गप्प व्हायचं. बोटांना काय ऐकू येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं.

नगरच्या एका दवाखान्यात मी थिएटर टेक्निशियनचं शिकत होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही विचारायची भीती वाटायची. मॅडम भूलतज्ज्ञ. मोठ्या ऑपरेशनआधी त्या मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालायच्या. मग प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर लाल लाटेसारखा चालत राहायचा. मला ती लाट बघत उभं राहावंसं वाटे.

"चुडा काढायचा न्हाई," असं एखादी बाई म्हणाली, तर मॅडम भांडायच्या नाहीत. बांगड्या वर सरकवून त्यावर पट्टी गुंडाळायच्या. "मालकांना म्हणावं, झाकून ठेवलेत."

त्या वर्षी मॅडम एक तुलना करत होत्या. नाडी बोटांनी चाचपून सुई घालणं बरं, की सोनोग्राफीत धमनी बघून? पेशंटला विचारून चिठ्ठी उचलायची, निघेल ती पद्धत. बोटांची चिठ्ठी निघाली की मॅडमचा चेहरा उजळायचा. बोटं जिंकावीत असं त्यांना फार वाटत होतं, आणि ते आमच्यापासून लपत नव्हतं.

एकदा मिरजगावच्या एक आजी आल्या. मनगट काडीसारखं. चिठ्ठी बोटांची. मॅडमनी जागा बधिर केली, डोळे मिटले, सुई घातली. हुकली.

"घावंना व्हय, बाई?" आजी म्हणाल्या. "लई लाजरी हाय माझी नाडी."

"तुमच्यावरच गेलीय," मॅडम हसल्या. त्यांनी पुन्हा सुई उचलली, क्षणभर धरली आणि खाली ठेवली. "मशीन आणा."

"मॅडम, आणखी एकदा चालतं की," सिस्टर म्हणाल्या. "चिठ्ठी बोटांची आहे."

"चिठ्ठी बोटांची, पण मनगट आजींचं. बोटं हुकली असं लिहा."

दिवे मंद केले. पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक काळा ठिपका हलत होता, झोपलेल्या तान्ह्याची टाळू उडते ना, तसा.

"ही बघा तुमची लाजरी."

आजी मान वळवून बघत राहिल्या. "एवढुशी? आन् हिच्या जिवावर मी एवढा संसार वढला?"

मॅडमनी पडद्यात बघत पुन्हा सुई धरली. सुई अलगद आत गेली.

पुढे तुलना संपली. सोनोग्राफीनं पेशंटला कमी वेळा टोचावं लागतं, आमच्याकडे तरी असंच दिसलं. मॅडमनीच ते सगळ्यांसमोर सांगितलं, जुन्या मैत्रिणीविरुद्ध साक्ष द्यावी तसं, सावकाश.

आता मॅडम इथे नाहीत. लेकीकडे राहायला गेल्या म्हणतात. मला मात्र त्यांचा शेवटचा आठवडा दिसतो. एक नवे डॉक्टर पडद्यात बघून सुई घालताहेत. निळसर उजेड मॅडमच्या चष्म्यावर पडलाय. आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरून ठेवलेत, बोटं आपणहून त्या मनगटाकडे जाऊ नयेत म्हणून.